सोमवारची खेप

गाडी वहिनींची, पण अख्खी वस्ती तिला ‘सोमबुधशुक्र’ म्हणायची. एरवी ती दारातल्या पत्र्याच्या शेडखाली मुकाट उभी. सोमवार, बुधवार, शुक्रवार उजाडला की तीन आजारी माणसं पोटात घेऊन घाट चढायची, पलीकडे उतरून शहरातल्या दवाखान्यात त्यांना सोडायची आणि दुपार कलल्यावर परत आणायची. तिघांच्याही किडन्या बसलेल्या. यंत्राला जोडून रक्त धुऊन घेतलं की पुढचे दोन दिवस पदरात पडायचे. यंत्रं घाटाच्या पलीकडे, माणसं अलीकडे, आणि मधे वहिनी.

वहिनी ठेंगण्या, रुंद हाडाच्या. सीटवर उशी घेतल्याशिवाय समोरचा रस्ता दिसायचा नाही; मागून येणाऱ्याला वाटायचं, गाडी बिनमाणसाचीच चालली आहे. त्यांचा नवरा खाणीवरच्या साहेबलोकांची ने-आण करायचा. त्यानंच त्यांना खाणीच्या रिकाम्या मैदानावर हौसेनं गाडी शिकवली, आणि शिकवताना इतका ओरडला की एवढा तो साऱ्या संसारात ओरडला नव्हता. एका सकाळी दाढी करता करता खाली बसला तो उठलाच नाही. मातीला आलेल्या नातेवाइकांनी चहाचा कप खाली ठेवायच्या आधीच गाडी विकून टाकायचा सल्ला दिला.

विकलीही असती. पण त्याच वर्षी धाकट्या दिराच्या पायांवर सूज चढली. दीर शिंपी. शेजारच्याच खोलीत शिलाई मशीन आणि तो. बायको होती, ती या दुखण्याला भिऊन माहेरी गेली आणि तिथलीच झाली. दवाखान्यात न्यायला वस्तीतल्या एकाही गाडीवाल्यानं होकार दिला नाही. गाडीत कुणी गेलं तर पुढे गिऱ्हाईक बसत नाही, असं त्यांचं म्हणणं. मग वहिनींनी खुंटीवरची किल्ली काढली. “चला भावजी,” म्हणाल्या, “मेलात तर माझ्या गाडीत मरा. मला कुठं गिऱ्हाईक आहे!”

पुढे गिऱ्हाईक मिळालं ते याच जातीचं. आधी शाळेतून निवृत्त झालेले मास्तर आले. मग वस्तीच्या टोकाला राहणारी बारकी आली. ती पंचविशीच्या आतली, काडीसारखी, आणि तोंडानं तिखट. बारकीचं लग्न दुखण्यानं मोडलं होतं आणि ती ते विनोद सांगावा तसं सांगायची. “त्याला सांगितलं, माझ्यावर पाण्याचा खर्च नाही. तरी पळाला.”

पाणी हा गाडीतला कायमचा विषय. तिघांनाही दिवसाकाठी पेलाभरच पाणी प्यायची मुभा. जे प्यायचे ते अंगातच साठायचं. यंत्रावर ते काढून घेतलं की माणूस हलका. म्हणून जाताना गाडी जड आणि येताना हलकी. वहिनींना ते स्टिअरिंगवर कळायचं. शुक्रवारनंतर दोन दिवसांची सुट्टी, त्यामुळे सोमवारी तिघंही फुगलेली असायची. भावजी म्हणायचे, “वहिनी, आज टायरात हवा जरा जास्त भरा. माल ओला आहे.”

बसायच्या जागा ठरलेल्या. मास्तरांचा गुडघा वाकत नाही म्हणून ते पुढे. बारकीच्या डाव्या हाताला यंत्राच्या सुया लागायच्या, त्या हाताला धक्का नको म्हणून ती मधल्या सीटवर, उशी मांडीवर घेऊन. आणि भावजी सगळ्यात मागे, आडव्या फळीवर, गुडघे हनुवटीला टेकवून. वहिनींच्या नवऱ्याची शिस्त होती ती. परकं माणूस पुढे, घरचं मागे. परक्याला आधी उतरवायचं, घरच्याला शेवटी. गाडीवाल्याचं नाव यावर टिकतं, असं तो म्हणायचा. नवरा गेला पण शिस्त राहिली. भावजींनी कधी कुरकुर केली नाही. उलट मास्तर कधी संकोचानं म्हणाले, “अहो, आज तुम्ही बसा पुढे,” तर भावजी हात झटकायचे. “छे हो! मी घरचा. मला डिकीतसुद्धा चालतं.”

घाट चढून वर आलं की वहिनी गाडी कडेला घ्यायच्या. बारकीला चढाच्या थरथरीनं मळमळायचं, धुराच्या वासानं मास्तरांचा श्वास कोंडायचा. थांबल्या थांबल्या वहिनी किल्ली फिरवायच्या. इंजिन बंद. मग तिघं दारं उघडून पाय खाली सोडून बसायची, वाऱ्यावर डोळे मिटायची. एवढा वेळ कुणी बोलायचं नाही. त्यांना तेवढी शांतता लाभावी म्हणून वहिनी हातब्रेक ओढायच्याही आधी किल्ली फिरवायच्या. दोन वर्षं, प्रत्येक खेपेला.

मग एके दिवशी चढावर गाडीतून बारीक शिट्टी ऐकू यायला लागली.

“गाडीला गाणं सुटलंय,” भावजी मागून म्हणाले.

“या वयात शिट्ट्या?” मास्तर म्हणाले. “वळण बरं नव्हे.”

“मारू दे की,” बारकी म्हणाली. “कुणीतरी माझ्याकडं बघून शिट्टी मारतंय. तेवढंच.”

हसण्यावारी गेलं. पण शिट्टी दर खेपेला चढत गेली. आधी चहाच्या किटलीसारखी, मग कुणी दातओठ खाऊन कण्हावं तशी. गाडीतला जोर गेला. जिथे तिसऱ्या गिअरवर सुखानं चढायची तिथे दुसरा टाकावा लागायला लागला, आणि मागच्या काचेत निळा धूर दिसायला लागला. रोज सकाळी ऑइल बघावं तर कमी झालेलं.

वहिनींनी गाडी मिस्त्रीच्या गॅरेजला नेली. मिस्त्री नवऱ्याचा जुना दोस्त. एक डोळा बारीक करून बोलायची सवय, त्यामुळे तो खरं बोलत असला तरी थट्टा करतोय असं वाटायचं. त्यानं हवेचा जाड पाइप काढला आणि आत बोट घातलं. बोट काळंभोर होऊन बाहेर आलं. मग आतला इवलासा पंखा धरून हलवला.

“हा बघा वहिनी. म्हाताऱ्याचा दात हलतो तसा हलतोय.”

“हे काय आहे?”

“टर्बो. धुराच्या जोरावर हा पंखा फिरतो आणि इंजिनात हवा कोंबतो. हा आहे म्हणून तुमचं हे धूड घाट चढतं.” त्यानं हात पुसले. “एक विचारू? चढ संपला की गाडी लगेच बंद करता का?”

“करते ना. त्यांना थरथर सोसत नाही.”

 मिस्त्रीचा बारीक डोळाही उघडला. “चढावर हा लालबुंद झालेला असतो. इंजिन चालू असलं तर ऑइल फिरतं, त्याला निववतं. तुम्ही किल्ली फिरवली की ऑइल जागच्या जागी थांबतं आणि करपतं. पातेल्याच्या बुडाला दूध लागतं ना, तसं. दर वेळी एक थर. मिनिटभर नुसती चालू ठेवायची होती.”

“मला कुणी सांगितलं नाही.”

“दादाला माहीत होतं. त्यानंच शिकवली ना तुम्हाला गाडी?”

“ते ओरडण्यातून मोकळे झाले असते तर सांगितलं असतं,” वहिनी म्हणाल्या. हसायला मात्र कुणी हसलं नाही.

नवा टर्बो शहरातून मागवावा लागणार होता. आला की गाडी तीन दिवस उघडून ठेवावी लागणार. आणि तीन दिवस म्हणजे एक खेप बुडणार, कशीही जुळवणी केली तरी. वहिनी दवाखान्यातल्या सिस्टरला भेटल्या. सिस्टर उभ्याउभ्याच बोलायची, आणि बोलताना तिचं लक्ष यंत्रांच्या दिव्यांवर असायचं.

“तीन दिवस ठेवून घ्या तिघांना इथंच,” वहिनी म्हणाल्या.

“कुठं ठेवू? कॉरिडॉर बघितला का? लोक चपलांच्या शेजारी झोपलेत.”

“मग उशिरा आणू का? बस दुपारी पोचते.”

“दुपारी यंत्रावर दुसरे असतात. बाई, एखादी खेप चुकली तर मी सांभाळून घेईन. पण सोमवारची चुकवू नका. दोन दिवसांची सुट्टी होऊन माणूस येतो, त्यात अजून एक दिवस... मी बघितलंय काय होतं ते.”

वहिनींनी हे मनाशी गाठ मारून ठेवलं. सोमवार चुकवायचा नाही.

तोवर गाडी हलकी करायचं काम निघालं. मिस्त्रीच म्हणाला होता, चढावर जेवढं ओझं कमी तेवढा टर्बो टिकेल. जादाचं चाक निघालं. जॅक निघाला. मधल्या सीटखालची लोखंडी पेटी निघाली. भावजींना कापडाचं माप नुसत्या डोळ्यांनी घ्यायची सवय, ते आता गाडीत चढणाऱ्या प्रत्येक वस्तूचं वजन सांगायला लागले. “मास्तर, ती वर्तमानपत्रांची गड्डी घरी ठेवा. बातम्या फार जड झाल्यात.”

“आणि तुम्ही?” मास्तर म्हणाले.

“मी? मी जेवण निम्म्यावर आणलंय. गाडीला डायट, मला डायट.”

“जेवण नाही, तोंड बंद ठेव,” बारकी म्हणाली. “त्याचंच वजन जास्त.”

चढाच्या शेवटच्या टप्प्यावर मात्र सगळे आपोआप गप्प व्हायचे. बारकी पुढच्या सीटला हातानं रेटायची, जणू तेवढीच मदत. आता वर पोचल्यावर वहिनी इंजिन चालू ठेवायच्या. बारकी तोंडावर ओढणी धरून ती थरथर सोसायची. पण करपायचं ते आधीच करपून गेलं होतं.

टर्बो आला तो शनिवारी. मिस्त्रीनं निरोप धाडला आणि वहिनी चालतच गॅरेजला गेल्या.

“आत्ता गाडी द्या,” मिस्त्री म्हणाला. “सोमवारी संध्याकाळी घेऊन जा.”

“सोमवारी सकाळी द्या.”

“नाही होणार. आतले पाइप धुवायचे, ऑइलचा सगळा गाळ काढायचा. तसाच नवा बसवला तर महिन्याभरात तोही जाईल. खोटं सांगू का?”

“मग सोमवारची खेप करून येते. संध्याकाळी तुमच्या दारात लावते. बुधवारची चुकवू, सिस्टरनं कबूल केलंय.”

मिस्त्रीनं मान हलवली. “वहिनी, ती फार पुढं गेलीय.”

“हळू नेते.”

“हळू-जोरात नाही राहिलं आता.” त्यानं त्यांना गाडीचं चित्र काढल्यासारखं हवेत बोट फिरवून दाखवलं. “सील गेलं की टर्बोतलं ऑइल सरळ इंजिनाच्या तोंडात जाईल. डिझेलच्या इंजिनाला काय, जळतं ते सगळं चालतं. स्वतःचंच ऑइल पीत सुटेल. तुम्ही पाय काढा, किल्ली फिरवा, ऐकणार नाही. तसं झालं तर घाबरायचं नाही. सगळ्यात वरचा गिअर टाकायचा, ब्रेक गच्च दाबून धरायचा, आणि क्लच एकदम सोडून द्यायचा. धक्का बसेल, उडी मारेल, पण गुदमरून मरेल. आणि लगेच करायचं. जितका वेळ सोडाल तितकं इंजिन जाईल.”

“सोमवार झाला की घ्या,” वहिनी म्हणाल्या.

रविवारी संध्याकाळी त्या ताट घेऊन शेजारच्या खोलीत गेल्या तेव्हा भावजी मशीनपाशी बसले होते. पाय उशीवर. चपलेचा पट्टा सुटा सोडलेला, कारण तो आता लागत नव्हता. दिवसभर पत्रे तापले होते.

“झोपा जरा आडवे,” वहिनी म्हणाल्या.

“आडवं झालं की छातीवर कुणी बसल्यासारखं होतं. बसूनच बरं. उद्या सोमवार, सगळं निघेल.” त्यांनी दोरा दातानं तोडला. “हा परकर बारकीच्या आईचा. सांगितलंय, शिलाई लेक बरी झाली की द्या.”

“भावजी, काही खाल्लं-प्यायलंत का जास्तीचं?”

“कुठलं? तुम्ही आहात ना पहारेकरी.”

सोमवारी घाटाच्या पायथ्याशी येईपर्यंत गाडी बरी चालली. उजाडलं होतं, पण ऊन अजून डोंगरामागेच होतं. वहिनींनी सुरुवातीपासूनच दुसरा टाकला. शिट्टी येत होती. मास्तर पुढच्या फळीवर हात टेकून बसले होते. पहिलं वळण गेलं, दुसरं गेलं. चढ जिथे सगळ्यात उभा होतो तिथे शिट्टी एकदम थांबली.

“बरी झाली की काय?” बारकी म्हणाली.

पुढच्या क्षणी मागची काच पांढरी झाली. धूर असा सुटला की मागचा रस्ता, डोंगर, काही दिसेना. आणि इंजिनाचा आवाज चढायला लागला. वहिनींनी पाय काढला, आवाज चढतच गेला. गाडीनं पुढे झेप घेतली. त्यांनी क्लच आणि ब्रेक दाबून ती जागीच उभी केली, तसं इंजिन आणखी मोकळं सुटलं, किंचाळायला लागलं. किल्ली फिरवली. काही नाही. किल्ली काढून हातात घेतली तरी ते किंचाळतंच होतं.

“उतरा! उतरा सगळे!”

एका बाजूला खडक, दुसऱ्या बाजूला कठडा तुटलेला. मिस्त्रीनं सांगितलं होतं, लगेच करायचं. पण क्लच सोडला की गाडी उडी मारणार, आणि कुठल्या बाजूला मारेल ते कुणी सांगावं? बारकी उतरली. मास्तरांचा गुडघा वाकेना. ते दाराला धरून अर्धे आत, अर्धे बाहेर. भावजी मागच्या दारानं कसेबसे उतरले, धुरातून पुढे आले, मास्तरांना काखेत धरून ओढलं आणि दोघंही खडकाच्या अंगाला कोसळले.  इंजिनातून आता काहीतरी आपटल्याचा आवाज येत होता.

त्यांनी वरचा गिअर टाकला, टाच रोवून ब्रेकवर सगळा भार दिला आणि क्लच सोडला. गाडी अंगात आल्यासारखी हादरली, वहिनींचं कपाळ स्टिअरिंगवर आदळलं, आणि मग सगळं बंद.

खाली रस्त्यावर ऑइल ओघळत उताराला लागलं होतं. भावजी चाकामागे दगड लावत होते. लावून झाल्यावर तिथेच बसले आणि बराच वेळ तोंड उघडं ठेवून श्वास घेत राहिले.

“आहेत का सगळे?” वहिनींनी विचारलं.

“मी आहे,” बारकी म्हणाली. “गाडी गेली.”

नशिबानं खडीचा एक डंपर मागून चढत आला. ड्रायव्हर उतरला, गाडीकडे बघून चुकचुकला. वहिनींनी दोन वाक्यांत सांगितलं. तो म्हणाला, “मागचा हौदा खडीनं भरलाय. केबिनमध्ये दोघं बसतील. तिसरा नाही, गिअर टाकायला जागा नाही राहत.”

तिघं होती. वहिनींनी तिघांकडे पाहिलं. मास्तर सगळ्यात वयस्क, तोंड पांढरंफटक. बारकी खडकाला टेकून पोट धरून उभी. भावजींचा चेहरा सुजून डोळे बारीक झाले होते, आणि ओठांचा रंग वहिनींना आवडला नाही. अगदी जिभेवर आलं होतं, भावजी, तुम्ही चढा. पण समोर मास्तर होते. वस्तीत पुढे हेच म्हटलं गेलं असतं, की बाईनं वेळ आल्यावर आपलं माणूस आधी पाठवलं आणि म्हाताऱ्याला रस्त्यावर ठेवलं. त्यांनी भावजींकडे पाहिलं. भावजींनी ते पाहणं ओळखलं.

“मास्तर, बारकी, चला, चढा,” भावजी म्हणाले. “मी वहिनींबरोबर येतो. मागून काहीतरी येईलच.”

“अहो, तुम्ही जा,” मास्तर म्हणाले. “मी थांबतो. मी काल पाणी कमीच घेतलंय.”

“मास्तर, शाळेत कधी खोटं बोलला नाहीत, आता कशाला? चढा.”

“पण तुमचा श्वास...”

“तो तुम्हाला ओढला म्हणून. तुमचं वजन मला ठाऊक असतं तर वर्तमानपत्रांआधी तुम्हाला घरी ठेवलं असतं.”

मास्तर हसले आणि चढले. वहिनी काही बोलल्या नाहीत. बारकीनं केबिनच्या खिडकीतून मान काढली. “सिस्टरला सांगते यंत्र धरून ठेव म्हणून. भावजी, लवकर ये रे!” ती त्यांना अरे-तुरे करायची. डंपर वळणाआड गेला.

ऊन रस्त्यावर आलं. घाटात फोन लागत नव्हता. एक मोटार वर आली, वहिनींनी दोन्ही हात हलवले. मोटारीनं ऑइलला वळसा घातला आणि काच खाली न करता निघून गेली. दुसरीनं वेग कमी केला, आतल्या माणसानं भावजींकडे पाहिलं आणि पुन्हा वाढवला. वहिनींनी तिच्यामागे शिवी हासडली, नवऱ्याकडून शिकलेली.

भावजी गाडीच्या पायरीवर बसले होते. “वहिनी.”

“काय?”

“रागावणार नसाल तर सांगतो.”

“सांगा.”

“काल दुपारी अर्धं कलिंगड खाल्लं. गिऱ्हाईक देऊन गेलं होतं. फार उकडत होतं हो. एक फोड म्हणून घेतली. मग दुसरी.” ते ओशाळून हसले. “लाल होतं. आत साखर.”

 पाण्याबरोबर त्या फळात जे पोटॅशियम असतं ते साठलं की काळीज बंद पडतं, हे सिस्टरनं या तिघांना तोंडपाठ करवलं होतं.

“आणि हे आत्ता सांगताय? डंपर जाईपर्यंत तोंड शिवलं होतं?”

“त्यांच्यासमोर काय सांगू? कलिंगड खाऊन आलोय, मला आधी न्या?”

“हो! तेच सांगायचं!”

“आणि मास्तरांना इथं ठेवून जाऊ? घरचा माणूस मी. तुम्हाला लोकांनी काय म्हटलं असतं?”

“गाढवात काढलं असतं! अजून काय? ऐकून घेतलं असतं मी!”

“पण तुम्हीही नाही म्हणालात चढा म्हणून,” भावजी म्हणाले. तक्रार म्हणून नव्हे. एखादं माप बरोबर आलं की सांगावं तसं.

वहिनी त्यांच्याशेजारी बसल्या. त्यांचा हात हातात घेतला. हात गार होता, बोटांत ताकद नव्हती.

शेवटी बस आली. वहिनी रस्त्याच्या मधोमध उभ्या राहिल्या, बाजूला व्हायलाच तयार नाहीत. कंडक्टर उतरून करवादला, “बाई, मरायचंय का?” मग त्यानं भावजींना पाहिलं आणि आवाज खाली आणला. दोघांनी मिळून त्यांना चढवलं. पुढच्या बाकावरची माणसं उठली. आपणहून उठली, पण लांब जाऊन बसली.

उतरणीवर भावजींनी खिडकीला डोकं टेकलं. “पाय हलत नाहीत,” म्हणाले. थोड्या वेळानं म्हणाले, “जिभेला मुंग्या येताहेत.” वहिनी ड्रायव्हरला ओरडत होत्या, जोरात घे, जोरात. तो जोरात घेतच होता. शहरातल्या पहिल्या चौकात बस अडकली तेव्हा भावजी त्यांच्या खांद्यावर भार टाकून बसले होते आणि वहिनींना तो भार सरळ कळत होता, दर क्षणाला थोडा जास्त.

सिस्टरनं यंत्र धरून ठेवलं होतं. बारकीनं दवाखाना डोक्यावर घेतला होता म्हणे. भावजींना स्ट्रेचरवरून आत नेलं तेव्हा सिस्टरनं एकदाच नाडीला हात लावला आणि डॉक्टरांना हाक मारली. पडदा ओढायला कुणाला सवड झाली नाही. मास्तर आणि बारकी शेजारच्या दोन पलंगांवर होती, दोघांच्याही हातातून नळ्या गेलेल्या, रक्त यंत्रातून फिरत असलेलं. त्यांना उठता येत नव्हतं. मान फिरवली तर भिंत दिसली असती. मास्तरांनी फिरवली नाही. डॉक्टर भावजींच्या छातीवर दोन्ही हातांनी दाबत होते आणि यंत्र तसंच रिकामं, दिवा लावून शेजारी उभं होतं.

बरंच दाबून झाल्यावर डॉक्टरांनी हात काढले.

“मी थांबायला हवं होतं,” मास्तर छताकडे बघून म्हणत होते. “मी म्हणालो होतो. मी म्हणालो होतो ना?” बारकीचं यंत्र टूं-टूं वाजायला लागलं, कारण ती रडताना हात हलवत होती. सिस्टरनं तिचा हात धरून ठेवला.

“तुम्ही कोण यांच्या?” डॉक्टरांनी वहिनींना विचारलं.

“घरची,” वहिनी म्हणाल्या.

त्या कॉरिडॉरमध्ये आल्या. भिंतीला टेकून त्यांनी फोन काढला. कपाळावर टेंगूळ आलं होतं, ते त्यांना आत्ता कळलं. आतल्या खोलीतून सिस्टरचा आवाज आला, ती बाहेरच्या रांगेतलं पुढचं नाव पुकारत होती. एक माणूस बायकोच्या आधारानं उठला आणि वहिनींच्या जवळून आत गेला.

फोन लागला.

“मिस्त्री, गाडी घाटात आहे. उभ्या चढावर, तिसऱ्या वळणाआधी. ओढून आणा.”

“सुटली का?” पलीकडून मिस्त्री म्हणाला. “तरी मी म्हणत होतो. तुम्हाला लागलं नाही ना? बंद केलीत कशी? लगेच केलीत ना?”

“नाही. त्यांना उतरवलं आधी.”

 “मग इंजिनही बघावं लागेल. बरे आहेत ना सगळे? भावजी?”

“बुधवारपर्यंत होईल का?”

“बुधवार? वहिनी, अहो, इंजिन उघडायचं म्हणजे... भावजी बरे आहेत ना?”

दारातून बारकी दिसत होती. तिला यंत्रावरून सोडवायला अजून वेळ होता. ती मान वाकडी करून वहिनींकडेच बघत होती.

“बुधवारी नाही तर शुक्रवारी,” वहिनी म्हणाल्या. “दुसऱ्या कुणाची गाडी मिळते का तेही बघा. दोघं आहेत अजून.”